ग्रुपमध्ये होता, म्हणून कटात होता?

ऑगस्ट 2021 च्या सुरुवातीला मंचरशेजारच्या एकलहरे गावात एका तरुणाचा गोळ्या झाडून खून झाला. खुनाआधी समाजमाध्यमांवर एकमेकांना धमकावणाऱ्या पोस्ट पडत होत्या, अशा बातम्या तेव्हा आल्या. पुढे त्या गुन्ह्याला मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, लागला. 29 मे 2022 रोजी पंजाबात गायक सिद्धू मूसेवाला यांचा खून झाला आणि त्या खुनाच्या तपासाच्या पार्श्वभूमीवर जूनमध्ये पुणे ग्रामीण पोलिसांनी मंचरच्या याच गुन्ह्यात केलेल्या अटकांची बातमी देशभर गेली. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं मंचर दिल्लीच्या वाहिन्यांवर टोळ्यांच्या संदर्भात दिसू लागलं. तो खटला न्यायालयाचा विषय आहे. त्यातल्या कुणाच्या दोषाबद्दल मी इथे एक शब्दही बोलणार नाही.

मी बोलणार आहे ते त्यानंतर आमच्या भागात पसरलेल्या भीतीबद्दल आणि त्या भीतीमागच्या कायद्याबद्दल. माझं गाव अवसरी खुर्द. वकिली घोडेगाव, राजगुरुनगर आणि पुण्यात. आमच्याकडच्या कुठल्याही पोराचा फोन उघडा, ग्रुपांची रांग दिसेल. यात्रा कमिटी, गणेश मंडळ, बैलगाडा शौकीन, क्रिकेटची टीम, कुठल्या तरी ‘भाऊ’चा वाढदिवस. अभियांत्रिकी महाविद्यालय आणि तंत्रनिकेतन इथेच असल्याने बाहेरगावच्या मुलांचे वर्गाचे आणि खोल्यांचे ग्रुप वेगळेच. यातल्या निम्म्या ग्रुपमध्ये आपल्याला कुणी घातलं, हे त्या पोरालाही सांगता येणार नाही.

असाच एक बाप मध्यंतरी माझ्यासमोर बसला होता. बाजार समितीतून थेट आलेला, खिशात कांद्याची पट्टी तशीच. म्हणाला, “वकीलसाहेब, पोरगं त्या ग्रुपात नुसतं होतं हो. त्यानं कुणाला चापटसुद्धा मारली नाही.” त्याला वाटत होतं, मारहाणीच्या वेळी पोरगा घरी होता एवढं सिद्ध झालं की सुटलो. मला त्याला सांगावं लागलं, की आरोप मारल्याचा नाही, ठरवल्याचा आहे. आणि ठरवायला घराबाहेर पडावं लागत नाही.

कटाच्या कायद्याची सगळी ताकद आणि सगळा धोका इथेच आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेत गुन्हेगारी कट हा स्वतंत्र, सर्वसाधारण गुन्हा म्हणून नव्हता. तो 1913 च्या दुरुस्तीने आला आणि कलम 120-अ व 120-ब जन्माला आली. 1 जुलै 2024 पासून त्यांची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 61 ने घेतली. गाभा तोच राहिला. दोन किंवा अधिक माणसांनी बेकायदा कृत्य करायचं ठरवलं, की ते ठरवणं हाच गुन्हा. ठरलेलं कृत्य स्वतःच गुन्हा असेल, तर त्यापुढे कुणी पाऊल टाकलं हे दाखवायचीही गरज नाही. खून झाला नाही तरी खुनाचा कट शाबीत होऊ शकतो.

पण ठरलं होतं, हे दाखवायचं कसं? कट कुणी साक्षीदार बसवून करत नाही. म्हणून पुराव्याच्या कायद्यात एक खास दार ठेवलं आहे. जुन्या पुरावा अधिनियमाचं कलम 10, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 8. एरवी एकाचं बोलणं दुसऱ्याच्या गळ्यात बांधता येत नाही. इथे येतं. कट होता असं मानायला वाजवी आधार असेल, तर त्या समान हेतूच्या संदर्भात एका कटवाल्याने जे बोललं, लिहिलं, केलं, ते बाकीच्यांविरुद्धही पुरावा होतं.

या दाराला उंबरठे आहेत. आधी कटाचा वाजवी आधार स्वतंत्रपणे दिसला पाहिजे. मेसेज त्या हेतूबद्दलच असला पाहिजे. तो हेतू कुणाच्या तरी मनात आल्यानंतरचा असला पाहिजे, आणि कट संपायच्या आतला. प्रिव्ही कौन्सिलने 1940 मध्ये मिर्झा अकबर खटल्यात सांगितलं, की कट संपल्यानंतर झाल्या गोष्टींबद्दल कुणी काही सांगितलं, तर ते इतरांविरुद्ध या कलमाखाली चालणार नाही. हे जुनं सूत्र आज ग्रुपवर लावून पाहा. हाणामारी संध्याकाळी झाली. रात्री ग्रुपमध्ये ‘एकच नंबर भावांनो’ असे मेसेज पडले. ते मेसेज निर्लज्ज आहेत, पण ते कट संपल्यानंतरचे आहेत. ते टाकणाऱ्याच्या वृत्तीबद्दल बोलतात. बाकीच्या सदस्यांनी आधी काय ठरवलं होतं, ते सांगत नाहीत. दोषारोपपत्रात मात्र आधीचे आणि नंतरचे मेसेज एकाच गठ्ठ्यात येतात आणि वाचणाऱ्याच्या मनात त्यांची सरमिसळ होते.

फोन यायच्या आधी कटाच्या खटल्याचा कणा असायचा माफीचा साक्षीदार. महाराष्ट्राला याचं सगळ्यात मोठं उदाहरण ठाऊक आहे. गांधीहत्येचा खटला लाल किल्ल्यात चालला. त्यात पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला. न्यायाधीश आत्माचरण यांनी 10 फेब्रुवारी 1949 रोजी निकाल दिला. बडगेची साक्ष त्यांना विश्वासार्ह वाटली, तरी सावरकरांच्या बाबतीत तिला स्वतंत्र दुजोरा नव्हता, म्हणून सावरकर निर्दोष सुटले. त्या निकालावर पुढे कितीही राजकीय वाद झाले असोत, त्यातला कायद्याचा धडा पक्का आहे. आतल्या माणसाची साक्ष खरी वाटणं पुरेसं नाही. प्रत्येक आरोपीपुरता तिला बाहेरून, वेगळा टेकू लागतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की ग्रुपचा फोन हा आजचा माफीचा साक्षीदार आहे आणि त्याला तीच कसोटी लावली पाहिजे. तो आतला आहे, त्याला पुष्कळ माहीत आहे. पण तोही अर्धवट सांगतो आणि बढाया मारतो.

हे कसं, ते कागदावर पाहू. प्रयोगशाळेतून आलेला चॅटचा अहवाल म्हणजे एक लांबलचक तक्ता. तारीख, वेळ, पाठवणारा नंबर, मजकूर, जोडलेली फाइल. पहिली नजर वेळेच्या रकान्यावर टाकायची. अनेक अहवालांत वेळ भारतीय नसते, जागतिक प्रमाणवेळ असते. तीत साडेपाच तास मिळवावे लागतात. रात्री साडेनऊला टाकलेला मेसेज तक्त्यात दुपारी चारचा दिसतो. घटना संध्याकाळी सातची असेल, तर घटनेनंतरची बडबड कागदावर घटनेआधीची योजना होऊन बसते. मग नंबरचा रकाना. सिम बापाच्या नावावर, फोन भावाच्या हातात, वापरणारा तिसराच, हे आमच्याकडे घरोघरी आहे. मेसेज कुठल्या नंबरवरून गेला हे यंत्र सांगतं. टाइप कुणी केला, हे इतर पुराव्यानेच सांगावं लागतं. नंतर पाहायचं काय नाही ते. ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ अशा ओळी, आवाजी मेसेज ज्यांचा मजकूर नीट उतरवलेलाच नाही, मधले गायब झालेले दिवस. सरतेशेवटी गप्प बसलेले नंबर. चाळीस जणांच्या ग्रुपात सहा बोलतात, दहा अंगठ्याचं चिन्ह टाकतात, बाकीच्यांनी नोटिफिकेशन बंद केलेलं असतं.

पारावर दहा जण बसलेत, दोघे कुणाला तरी शिव्या घालत ‘याला दाखवतोच’ म्हणतायत आणि बाकीचे तंबाखू मळतायत. तर मळणाऱ्यांना आपण कटवाले म्हणत नाही. ग्रुपमध्ये मात्र तेच गप्प बसणं ‘मूक संमती’ होऊन दोषारोपपत्रात उतरतं. कायद्याला संमती नव्हे, सहमती लागते, म्हणजे मनं एका हेतूवर जुळलेली असावी लागतात. नुसतं माहीत असणं पुरत नाही.

न्यायालयांनी हा फरक पुष्कळदा केला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1 मार्च 2021 रोजी गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं, की समान हेतू किंवा आधीची योजना दिसत नसेल, तर सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ग्रुपचा अ‍ॅडमिन जबाबदार ठरत नाही. त्याच वर्षी क्रूझवरच्या अमली पदार्थांच्या प्रकरणात आर्यन खान आणि इतर दोघांना जामीन देताना याच न्यायालयाने म्हटलं, की चॅटमध्ये कट शिजल्याचं सुचवणारं आक्षेपार्ह काही दिसत नाही. 2020 च्या दिल्ली दंगलीतल्या काही खून खटल्यांत एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मोठी भिस्त होती. 2025 मध्ये कडकडडूमा न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडताना नोंदवलं, की असे मेसेज ग्रुपातल्या इतरांसमोर हिरो ठरण्यासाठीही टाकलेले असू शकतात. ते फार तर दुजोरा देतील, मुख्य पुरावा होणार नाहीत.

उलट टोकाचं उदाहरण इंग्लंडचं. मँचेस्टरमध्ये मित्राचा खून झाल्यावर काही तरुण टेलिग्राम ग्रुपवर सूडाची भाषा बोलले. 2022 मध्ये दहा जण दोषी ठरले, चौघे खुनाच्या कटात आणि सहा जण गंभीर इजा करण्याच्या कटात. शिक्षा 8 ते 21 वर्षांच्या. त्यातल्या काहींनी स्वतः कुणावर हात उचलला नव्हता. ‘संगतीचा गुन्हा’ म्हणून तिथे आजही त्या खटल्यावर टीका होते.

मेसेज न्यायालयात येतो कसा, याचा सर्वोच्च निकाल आपल्या जालन्याचा आहे आणि तो टोळीचा नाही, निवडणुकीचा. 2014 च्या विधानसभेत अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांना 296 मतांनी हरवलं. उमेदवारी अर्ज वेळेत आला होता का, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावर आला आणि त्या चित्रीकरणाचं प्रमाणपत्र मागूनही मिळेना. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की मूळ उपकरणच न्यायालयात आणून सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी. नाहीतर जुन्या कलम 65-ब चं प्रमाणपत्र सक्तीचं, आणि कुणी ते देत नसेल तर न्यायालयामार्फत मागवावं. आता ते साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आहे आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश व्हॅल्यूही द्यावी लागते. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी ही व्हॅल्यू बदलते. म्हणून कुणी तरी काढलेला स्क्रीनशॉट किंवा फोनमधून एक्सपोर्ट केलेली चॅटची फाइल, जी कुठल्याही संगणकावर बदलता येते, ती प्रयोगशाळेच्या प्रतीची जागा घेऊ शकत नाही. मात्र प्रमाणपत्र मेसेज अस्सल आहे एवढंच सांगतं. त्याचा अर्थ काय, हा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

मोक्का लागला, की हे सगळं जिवावर बेतणारं होतं. 1999 च्या या कायद्यात गेल्या दहा वर्षांत टोळीवर एकापेक्षा अधिक दोषारोपपत्रं असावी लागतात; पण ती टोळीची असली तरी चालतात, प्रत्येक पोराच्या नावावर असायलाच हवीत असं नाही. टोळीचा नुसता सदस्य असण्याला किमान पाच वर्षं कैद आणि किमान पाच लाख दंड. दोषारोपपत्राला 180 दिवसांपर्यंत मुदत, जामिनाची दारं जवळपास बंद, आणि अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाबही ग्राह्य. आता न्याय संहितेच्या कलम 111 ने संघटित गुन्हेगारी देशभराच्या कायद्यात आणली आहे. अशा कायद्यात ‘सदस्य’ या शब्दाचा अर्थ टोळीचा सदस्य की ग्रुपचा सदस्य, हा घोळ कुणाच्या आयुष्याची पाच-सात वर्षं खाऊ शकतो. सुक्याबरोबर ओलं जळतं ते इथे.

याचा अर्थ चॅट निरुपयोगी असं मी म्हणणार नाही. फिर्यादीच्या घरीही आई-बाप असतात. ‘निघालाय’ असा मेसेज पडला, पाठोपाठ लाइव्ह लोकेशन आलं, त्याच मिनिटांत दुसऱ्याने मोटारसायकल काढली, पुणे-नाशिक महामार्गावरच्या कॅमेऱ्यात ती दिसली आणि तिसऱ्याच्या खात्यातून सकाळीच पैसे गेले होते, तर त्या एका शब्दाने खटला उभा राहतो, आणि राहायलाच हवा. फरक शब्दाच्या धारेत नाही. ‘मुडदा पाडू’ हा बाजारभावाने स्वस्त शब्द आहे. ‘निघालाय’ महाग पडतो, कारण त्याच्या मागे-पुढे कृती आहे.

म्हणून दोन गोष्टींचा आग्रह धरावासा वाटतो. पहिली, निवडक स्क्रीनशॉट नकोत. इलेक्ट्रॉनिक नोंद हा दस्तऐवज आहे आणि आरोपीला साधारणपणे त्याची प्रत मिळाली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये पी. गोपालकृष्णन प्रकरणात सांगितलं आहे. तेव्हा आरोपीपक्षाला सबंध चॅट, हॅश व्हॅल्यूसह, दोषारोपपत्राबरोबरच मिळावं. दुसरी, सरकारपक्षाने प्रत्येक आरोपीसाठी स्वतंत्र रकाना भरावा. याने काय लिहिलं, कधी लिहिलं, फोन याच्याच हातात होता हे कशावरून, आणि चॅटच्या बाहेर याने काय केलं. चारही खाने भरले, तर खटला चालू द्या. शेवटचा खाना रिकामा असेल, तर त्या पोराचा प्रश्न दोषनिश्चितीपर्यंत लोंबकळत ठेवण्याचं कारण नाही. आरोप ठेवण्याच्या टप्प्यावरच त्याला मोकळं करावं.

आणि पोरांना सांगायचं तर एवढंच: ज्या ग्रुपात कुणाला मारायची भाषा सुरू होते, त्यातून त्याच रात्री बाहेर पडा. बाहेर पडल्याची ओळ तारीख-वेळेसह चॅटमध्ये राहते. गप्प बसल्याची कुठेच राहत नाही.