कंपनी पेंट

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांची डावी बाजू दुखायला लागते. मालक गाडीतून उतरतो आणि काही न बोलता डाव्या अंगाला जाऊन उभा राहतो. मग विचारावं लागत नाही. उसाची ट्रॉली, अरुंद रस्ता, ओव्हरटेकची घाई, आणि मोळीतून बाहेर आलेली कांडी. उसाचा ओरखडा एकटा कधी नसतो. पाच-सहा रेघा, शेजारी शेजारी, कंगवा फिरवल्यासारख्या. भिंतीचा ओरखडा वेगळा, मोटारसायकलच्या हँडलचा वेगळा, पोरांनी किल्लीने ओढलेला तर लांबूनच ओळखू येतो, कारण त्याला शेवटाकडे वळण असतं.

मागच्या हंगामात एक गुरुजी आले. गाडी पाच वर्षांची, चंदेरी. डावी दोन्ही दारं ओरबाडलेली. म्हणाले, "मिस्त्री, क्लेम टाकायचा. आणि बंपरचा ह्यो कोपरा बी त्यातच बसवा की."

मी आधी तांब्याभर पाणी ओतलं. ओल्यावर रेघ दिसेनाशी झाली तर समजायचं, जखम फक्त लॅकरमध्ये आहे. लॅकर म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट. दिसत राहिली तर रंगापर्यंत गेलीय. मग नख आडवं फिरवायचं. नख अडकलं नाही तर पॉलिशने भागतं. अडकलं तर पॉलिशवाला कितीही छातीठोकपणे सांगू दे, रेघ पूर्ण जात नाही. गुरुजींच्या सहा रेघांपैकी पाच पाण्यात विरल्या. एक मागच्या दारावर राहिली, वीतभर लांब. तिच्यातही पत्रा उघडा पडला नव्हता. पत्रा दिसला असता तर गोष्ट वेगळी, मग गंज वाट बघत बसत नाही.

"पॉलिश करू. रंग नको," मी म्हणालो.

गुरुजींना ते पटेना. विम्याचे पैसे इतकी वर्षं भरले, एक रुपया परत घेतला नाही, आणि आता हक्काचं काम आहे तर मिस्त्रीच नको म्हणतोय. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही संशय आला असता. रंग मारण्यावर तर माझं पोट आहे.

म्हणून बिलबुकाच्या पाठीमागे हिशेब मांडला. दोन दारांचा रंग ९,००० रुपये. त्यांची पॉलिसी साधी, झिरो डेप नसलेली. अशा पॉलिसीत रंगाचं एकरकमी बिल असेल तर त्यातला २५ टक्के भाग मटेरियलचा धरतात आणि त्यावर ५० टक्के घसारा कापतात. गेले १,१२५. सक्तीची वजावट १,०००, कारण गाडी १५०० सीसीच्या आतली. हातात ६,८७५. आता दुसरी बाजू. चार वर्षं क्लेम नाही म्हणून त्यांना ४५ टक्के नो क्लेम बोनस मिळत होता, पुढच्या नूतनीकरणाला तो ५० झाला असता. क्लेम घेतला की तो शून्यावर येतो आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशी शिडी चढावी लागते. गाडीच्या नुकसानीचा त्यांचा प्रीमियम सूट धरण्याआधी ९,००० च्या घरात. तेवढाच राहील असं धरलं तर पहिल्या वर्षी ४,५०० जास्त, मग २,७००, २,२५०, १,३५० आणि ४५०. बेरीज ११,२५०. गाडी जुनी होईल तसा प्रीमियम उतरतो, म्हणून हजार-दीड हजार कमी धरा. तरी पावणेसात हजार घेऊन दहाएक हजार द्यायचे. गणिताचेच गुरुजी होते. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेऊन बेरीज पुन्हा तपासली.

बंपरचं मात्र मी स्पष्ट सांगितलं. तो त्यांच्या घराच्या फाटकाला लागलेला होता. एका अपघाताचा एक क्लेम. जुनी दुखणी त्यात ढकलायची नसतात. खोटं कशाला सांगू, सुरुवातीच्या काळात गिऱ्हाईक म्हणेल तसं मीही "बसवून" द्यायचो. एकदा ट्रक घासल्याच्या क्लेममध्ये असाच एक बंपर बसवला होता. सर्व्हेअर साहेब आले, वाकले, ओरखड्यात बोटाचं टोक घातलं आणि पांढरं झालेलं बोट माझ्यासमोर धरलं. "मिस्त्री, ट्रकला चुना लावतात काय कोल्हापुरात?" त्या माणसाने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. नव्या ओरखड्याच्या कडा धारदार असतात, जुन्यात धूळ, मेण, साबण बसलेला असतो, उघड्या पत्र्यावर तांबूस झाक येते. मला जे दिसतं ते त्यालाही दिसतं, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पण पैशाचा हिशेब उलटा आला असता तरी मी नकोच म्हणालो असतो. कारण कंपनी पेंट. कारखान्यात नुसता सांगाडा असताना, आत ना सीट ना वायरिंग ना रबर, गाडीला रंगाच्या भट्टीतून नेतात. १४० अंशांच्या आसपास तो भाजला जातो. माझ्याकडे गाडी येते ती सगळा संसार घेऊन. तिला मी बूथमध्ये फार तर ६० अंशांवर अर्धा तास ठेवू शकतो. त्यापुढे गेलो तर प्लास्टिक मान टाकतं. साठ अंशांचा रंग वाईट नसतो, पण तो त्या रंगाचा सख्खा भाऊ कधीच होत नाही. त्यात गाडी चंदेरी. चंदेरीत ॲल्युमिनियमची बारीक पापडी असते, ती कशी निजते ते गनच्या दाबावर, थिनरवर, हाताच्या वेगावर ठरतं. कोड तोच, डबा तोच, तरी दार सकाळी जुळलेलं आणि संध्याकाळी उन्हं तिरपी झाली की परकं. मग शेड मारत मारत शेजारच्या पॅनलवर जायचं, म्हणजे एका ओरखड्यापायी न दुखावलेलं पॅनलही रंगवायचं. पुढे गाडी विकायला काढली की दलाल रंगाची जाडी मोजणारं मीटर लावतो. कंपनी पेंट १०० ते १५० मायक्रॉन दाखवतो. दुसऱ्यांदा रंगवलेलं दार त्याच्या दुप्पट दाखवतं, आणि खाली लांबी भरलेली असेल तर आकडा पार उडतो. दलाल काही बोलत नाही, फक्त "अच्छा" म्हणतो आणि भाव पाडतो.

पॉलिशही फुकट नसतं, हे मात्र शिकायला मला एक बॉनेट लागलं. लॅकरचा थर चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, डोक्याच्या केसाहून बारीक. रबिंग म्हणजे त्यातलाच थोडा खरवडून सपाट करणं. चकाकी वरून लावलेली नसते, थर कमी करून आणलेली असते. वस्तादांकडे होतो तेव्हा मशीन नवं नवं हातात आलेलं. बॉनेटच्या घडीवर, जिथे थर मुळातच पातळ, तिथे दोन सेकंद जास्त थांबलो. वास आला. बघतो तर बोटभर जागेत रंग फिका. वस्ताद आले, कड अंगठ्याने चाचपली आणि त्या दिवसापासून सहा महिने माझ्या हातात मशीन दिलं नाही. नुसती टेप लावायची. प्रत्येक कडेवर, प्रत्येक घडीवर मास्किंग टेप. आज माझ्या पोरांनी टेप न लावता मशीन सुरू केलं की मला तोच वास येतो.

गुरुजींना मी म्हणालो, पॉलिश मी करतो, पण पुढे गाडी नीट कशी धुवायची ते शिकायचं तर ह्या रविवारी या. कारण त्यांच्या गाडीचं खरं नुकसान उसाने केलंच नव्हतं. उन्हात बॉनेटकडे पाहिलं की कोळ्याचं जाळं दिसत होतं, गोल गोल बारीक रेघांचं. ते रोज सकाळच्या फडक्याने विणलेलं. हंगामात साखर कारखान्याच्या चिमणीची काळी राख उडून गाडीवर बसते. बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, त्या राखेत वाळूतलीच सिलिका असते. शाळेत जायच्या घाईत ती कोरड्या बनियनने पुसायची म्हणजे हाताने पॉलिश पेपर मारणंच.

रविवारी गुरुजी दोन बादल्या घेऊन आले. एकीत शाम्पू, एकीत साधं पाणी. सावलीत, पत्रा गार झाल्यावर, आधी नुसत्या पाण्याने राख वाहून घालवायची, मग वरून खाली. फडकं प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत. भांड्यांचा साबण नको, तो मेण धुऊन नेतो. खाली पडलेलं फडकं पुन्हा गाडीला लावायचं नाही, कितीही झटकलं तरी. बोअरचं पाणी अंगावर वाळू द्यायचं नाही, पांढरे डाग धरतात. दसऱ्याला कुंकवाचं स्वस्तिक काढा, माझी ना नाही, पण संध्याकाळी धुवा. आणि हाराची तार बॉनेटवर लोंबू देऊ नका. एवढ्यात गुरुजींनी विचारलं, "ते सिरॅमिक कोटिंग करून घेऊ का? नऊ एच असतंय म्हणं." मी त्यांच्या खिशातली पेन्सिल मागितली. तिच्यावर एचबी लिहिलेलं होतं. नऊ एच हे त्याच जातीचं माप आहे, सगळ्यात कडक पेन्सिलीने ओरखडा उठत नाही एवढंच. उसाच्या ट्रॉलीला ते कुणी सांगितलेलं नाही. कोटिंगने पाणी घसरतं, धुणं सोपं होतं, ते खरं. दगडापासून वाचायचं तर पारदर्शक फिल्म लावावी लागते, तिचा खर्च ऐकून गुरुजींनी पेन्सिल परत खिशात ठेवली.

मी मशीन चालवलं, त्यांनी टेप लावली. दुपारपर्यंत पाच रेघा गेल्या. सहावीत टचअपची बाटली घेऊन बारीक ब्रशने रंग भरला, लॅकर दिलं, हलका पेपर मारला. गुरुजी दारासमोर कमरेत वाकून, मग उकिडवे बसून, मग एक डोळा मिटून बघत राहिले.

"दिसतंय अजून, मिस्त्री."

"कुठून?"

"इथनं. असं तिरकं बघितलं तर."

मी त्यांच्या शेजारी जाऊन उकिडवा बसलो. दिसत होतं.




"आणि बंपर?" त्यांनी विचारलं.

"तो असू दे. आधी फाटक रुंद करा."