‘ठाकुर्लीऐवजी डोंबिवली करा’

‘कथा चांगली आहे. फक्त ठाकुर्लीऐवजी डोंबिवली करता येईल का? ठाकुर्ली कुणाला ठाऊक असते?’ एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन. कथा होती ठाकुर्लीतल्या चोळ्याच्या पॉवर हाऊसमधून निवृत्त झालेल्या एका फिटरची. फास्ट लोकल ठाकुर्लीला थांबत नाही, हे मान्य. पण साहित्यानेही थांबू नये?

अशा वेळी मी संपादकांचा उपाय बाजूला ठेवतो आणि तक्रार तेवढी घेतो. उपाय बहुधा फोनवर बोलता बोलता सुचलेला असतो. तक्रार वाचताना कुठेतरी अडखळल्यामुळे आलेली असते. डोंबिवली मी केली नाही. पण त्यांना ठाकुर्ली दिसली नव्हती, एवढं खरं. मग कथेत कोळशाची राख आली, आणि दोरीवरचे कपडे दोनदा झटकून मगच घड्या घालणारी फिटरची बायको आली. पॉवर हाऊस बंद पडून वर्षं लोटली तरी ती झटकतेच.

मराठीत लेखक-संपादकांच्या मध्ये एजंट नसतो. नकार देणारा माणूस ओळखीचा असतो, पुढच्याच महिन्यात एखाद्या पुस्तक प्रकाशनाला वडा खाताना भेटणार असतो. त्यामुळे ‘नाही’ कुणी म्हणतच नाही. ‘अंक भरला हो’, ‘पुढच्या वर्षी नक्की’, ‘मला आवडली, पण आमचा वाचक वेगळा’. या शेवटच्यावर डोकं चालवण्यात अर्थ नाही. कथा सरळ दुसरीकडे पाठवावी.

नकारही सविस्तर कळवणारं ‘सत्यकथा’ मासिक १९८२ साली बंद पडलं. त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत, कथा पुन्हा लिहून घेत, याचं आज फार कौतुक होतं. मला त्यात थोडा धाकही दिसतो. तीच कथा पुन्हा पुन्हा लिहिता लिहिता लेखक संपादकाच्या आवडीचं लिहायला लागण्याची भीती असतेच. १९६९मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथे’ची होळी केली, लघुअनियतकालिकं काढून आपलं लेखन आपणच छापलं. नकाराला असंही उत्तर देता येतं. तरी त्या पत्रांतून एक कळायचं, की आपली कथा कुणीतरी शेवटपर्यंत वाचली आहे. आता ईमेलची पोचही येत नाही. दिवाळीच्या तोंडावर अंकाची अनुक्रमणिका व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. तिच्यात आपलं नाव नसलं की समजून घ्यायचं.

नव्यांनी कथा पाठवतानाच उत्तराची मुदत विचारून घ्यावी, आणि ती उलटली की कथा दुसरीकडे पाठवतोय असं कळवून मोकळं व्हावं. आणि संपादकांनो, अंकाची होळी करण्याएवढा राग आता कुणाला येत नाही. ‘नको’ एवढं तरी कळवत जा.