खेळ संपला, पाटी कोरी : गेम बॉय ॲडव्हान्समधील एका हरवलेल्या चिपचा शोध

२००४ साली आलेला ‘पोकेमॉन फायररेड’ हा खेळ संगणकावरील जुन्या इम्युलेटरात उघडला की आरंभीच एक चमत्कारिक सूचना दिसे : ‘वन-एम सब-सर्किट बोर्ड’ बसवलेला नाही. संगणकावर कोण कसला बोर्ड बसवणार? सूचनेकडे दुर्लक्ष करून खेळणारा तासन्तास खेळे, आणि खेळ जतन करू जाता हाती काहीच लागत नसे.

वास्तविक ती सूचना अक्षरशः खरी होती.

गेम बॉय ॲडव्हान्सच्या कार्ट्रिजमध्ये खेळ एका चिपवर असे, तर खेळणाऱ्याची प्रगती दुसऱ्या चिपवर. खेळाची डिजिटल प्रत काढताना पहिल्या चिपचाच मजकूर उतरतो. ग्रंथाची नक्कल झाली, पण त्याच्या जोडीची रोजनिशी मूळ वाड्यातच राहिली, असा हा प्रकार. ती रोजनिशी इम्युलेटरला नव्याने उभी करावी लागते.

पण कोणत्या मापाची? विद्युत्घटावर तग धरणारी एसरॅम ३२ किलोबाइटची. ईईप्रॉम ५१२ बाइट किंवा ८ किलोबाइटची. फ्लॅश ६४ किंवा १२८ किलोबाइटची. खेळाच्या शीर्षभागात नाव आहे, संकेतांक आहे, निर्मात्याची खूण आहे. या चिपचा मात्र उल्लेखही नाही. म्हणून इम्युलेटरकारांनी अंतर्गत पुरावा शोधला. निन्टेन्डोने विकासकांना दिलेल्या प्रणालीसंग्रहाचे नाव, उदाहरणार्थ ‘फ्लॅश-वन-एम’, खेळाच्या मजकुरात तसेच राहून गेलेले असते. दस्तऐवजाचा काळ कागदातील जलचिन्हावरून ठरवावा, तशीच ही रीत.

‘व्हिज्युअल बॉय ॲडव्हान्स’सारखे जुने इम्युलेटर मात्र फ्लॅश ६४ किलोबाइटचीच आहे असे गृहीत धरत. फायररेड चिपला तिची ओळख विचारी, उत्तर लहान चिपचे येई, आणि खेळ प्रामाणिकपणे सांगे की मोठी चिप येथे नाही. ‘वन-एम’ म्हणजे एक मेगाबिट, अर्थात १२८ किलोबाइट. यंत्राला एका वेळी ६४ किलोबाइटच दिसत असल्याने ही चिप दोन कप्प्यांत विभागलेली असे आणि खेळ आज्ञा देऊन कप्पा बदले.

उपाय सोपा आहे. सेटिंगमध्ये जतनाचा प्रकार ‘फ्लॅश १२८ के’ निवडावा, जुनी जतन-फाइल अन्यत्र हलवावी आणि खेळ पुन्हा आरंभापासून सुरू करावा. ही हलवाहलव टाळली, तर जुन्या मापाची फाइल पुन्हा घोटाळा करू शकते. नवी फाइल १,३१,०७२ बाइटांच्या आसपास भरली की चिप योग्य बसली असे समजावे. ६५,५३६ दिसल्यास अजून जुनेच माप चालू आहे.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. २००४ च्याच ‘क्लासिक एनईएस सीरिज’मधील खेळांत हा अंतर्गत पुरावा मुद्दाम खोटा पेरला होता. मजकुरात खूण एसरॅमची, कार्ट्रिजमध्ये चिप ईईप्रॉमची! खुणेवर विश्वासून इम्युलेटरने एसरॅम पुरवली की खेळ ती वापरून पाही, ती चालते म्हणजे यंत्र नकली असे ताडी आणि कार्ट्रिजमध्ये दोष असल्याचे सांगून थांबे. बनावट सनदा ओळखणाऱ्यांना ही युक्ती परिचित वाटेल. अशा खेळांसाठी इम्युलेटरकारांनी अखेर अनुमान सोडून दिले आणि संकेतांकानुसार एकेका खेळाची खरी चिप सांगणारी यादी हाताने लिहून काढली.