बाबांची भरमार, माझी पाइपगन

बाबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची भरमार होती. बार उडवला की त्याच रात्री गरम पाण्यानं नळी धुवायचे, कोरडी करून तेल द्यायचे. काळी बारूद ओल धरते, नळी गंजते. परवाना त्यांच्यासोबतच गेला.

करांडला अभयारण्याकडली डुकरं मात्र कुहीच्या तुरीत येतातच. म्हणून यंदा कार्बाइडची प्लास्टिक पाइपगन घेतली, मागं शेगडीचं लायटर बसवलेली. परवा जागलीत दोनदा खटका दाबला, आवाज नाही. वाकून नळीत पाहिलं अन् बोट खटक्यावर पडलं. कार्बाइड-पाण्याचा ॲसिटिलीन आत साचलेलाच होता. भुवई जळली, डोळा थोडक्यात वाचला.

मंडळी, पेटली नाही तर नळीत डोकावू नका. पोट्ट्यांच्या हाती तर देऊच नका.

सध्या टिनाचा डबा बडवतो. डुकरं अर्धंच ऐकतात.