छत्तीसाचे सेहेचाळीस

हिशेबाच्या माणसाने होकुसाईच्या नादी लागू नये. त्याच्या फुजी पर्वतावरच्या चित्रमालेच्या नावात दृश्ये ३६. मोजायला जावे तर भरतात ४६! अहो, खप चांगला झाला म्हणून दहा वाढवली आणि नाव तेच ठेवले. आमच्या बँकेत असा ताळा लागला असता, तर आम्ही दिवाळीपर्यंत घरी गेलो नसतो.

त्यातलीच ती जगप्रसिद्ध लाट सध्या मी पेन्सिलीने उतरवतो आहे. चित्र साधारण १८३१ चे, लाकडी ठशांनी छापलेले. चित्रकाराचा कागद फळीवर उपडा चिकटवायचा आणि त्यावरूनच कोरायचे; म्हणजे कोरता कोरता मूळ चित्र खलास! काढणारा एक, कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा आणि पैसे घालणारा प्रकाशक चौथा. आमच्या घरी ही चारही खाती माझ्याकडे. तपासनीस तेवढी सौ.

मी आधी कागदावर चौकटी आखल्या. बावीस वर्षांची नोकरी तिथे कामी आली. वरच्या चौकटींत लाटेचा फेस. जवळून पाहावे तर फेस कसला, नुसती नखे! आठवडाभर नखेच काढली.

"मांजर का हो?" सौ.ने विचारले.

समुद्र आहे, असे मी शांतपणे सांगितले.

एवढा थोरला फुजी, पण त्या लाटेखाली बोटभर! तो एका संध्याकाळीच उरकला.

खरे काम खालच्या चौकटींत. हे चित्र कॅलेंडरांवर, कपांवर शंभरदा पाहिलेले. पण त्यात तीन होड्या आहेत आणि होड्यांत माणसे आहेत, हे काढायला बसल्यावरच नीट दिसते. ओळीने वाकलेली, वल्ह्यांना चिकटलेली. महिनाअखेरीस काउंटरच्या आत दिसतात तशीच खाली घातलेली डोकी. वर लाट उभी, आणि वल्हे कुणी सोडलेले नाही.

सौ. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पोचली असतील का हो घरी?"

होकुसाईने ते सांगितलेले नाही. लाट काढली तेव्हा तो सत्तरीचा होता. मी साठीला निवृत्त होणार, म्हणजे मला भरपूर मुदत आहे. आज दुसऱ्या होडीतला पाचवा माणूस घ्यायचा आहे. त्याची पाठ जरा सावकाशच काढीन म्हणतो.