एकच मनोरा

मुलाखतीला निघालेल्या उमेदवाराचे वय कितीही असो, आगगाडीत बसताच तो परीक्षेला चाललेला विद्यार्थी होतो. पंचेचाळिशी ओलांडलेला मी रत्नागिरीस गोव्याच्या गाडीत चढलो, तेव्हा माझी गत याहून निराळी नव्हती. गाडी बोगद्यात शिरली की खिडकीच्या काचेत माझाच चेहरा दिसे. मी त्याला प्रश्न विचारी आणि त्याच्याकडून उत्तरे घोकून घेई. सारी उत्तरे बिनचूक येत. अडे ते एकच.

पणजीतील एका संस्थेत ग्रंथपालाची जागा रिकामी होती. या कामाचा माझा अनुभव बारा वर्षांचा; परंतु त्यापुढची तीन वर्षे कोरी. वडिलांना पक्षाघात झाला, त्यांना उचलून बसविणारे घरात दुसरे कोणी नव्हते, म्हणून मी नोकरी सोडली. वडील गेले, साठवलेला पैसा त्यांच्या आधीच गेला होता, आणि मुलीच्या कॉलेजची फी तर कोणासाठी थांबत नाही. अर्जांमागून अर्ज केले. प्रत्येक ठिकाणी बोट त्या तीन वर्षांवर येऊन थांबे. अखेर छापखाना चालविणारा माझा एक मित्र म्हणाला, "ही तीन वर्षे तू माझ्याकडे मुद्रिते तपासलीस, असे लिहून देतो. पाहायला कोण येतो?" त्याने शिक्क्यानिशी प्रशस्तिपत्र दिलेदेखील. निघण्याच्या आदल्या रात्री कागद लावताना पत्नीने विचारले, "हे वर ठेवू की खाली?" मी म्हणालो, "वर." ती काही बोलली नाही. तिने ते वर ठेवले.

मुलाखत दुपारी तीनला होती आणि गाडीने मला सकाळीच करमळी स्थानकावर उतरविले. जुने गोवे तेथून जवळच. घोकलेले घटकाभर विसरावे, या हेतूने मी से कॅथेड्रलच्या प्रांगणात जाऊन उभा राहिलो.

आल्बुकर्कने १५१० मध्ये आदिलशहाकडून गोवे जिंकले, तो दिवस संत कॅथरिनच्या सणाचा होता. म्हणून हे मंदिर तिच्या नावाचे. १५६२ मध्ये सुरू झालेले बांधकाम १६१९ मध्ये संपले, आणि आतल्या वेद्या पुऱ्या व्हायला १६५२ साल उजाडले. सुमारे अडीचशे फूट लांबीची ही वास्तू. पण तिचा दगड पाहिला तर आपल्या कोकणातलाच जांभा, वर चुन्याचा गिलावा. माझ्या घराच्या भिंती ज्या दगडाच्या, त्याच दगडाने येथे एवढे ऐश्वर्य पेललेले पाहून मला उगाचच धीर आला. आत मुख्य वेदीमागे सोन्याचा मुलामा दिलेल्या फलकांवर संत कॅथरिनचे चरित्र कोरलेले आहे. मनोऱ्यात टांगलेल्या घंटेला तिच्या गोड नादामुळे 'सोनेरी घंटा' म्हणतात. इन्क्विझिशनच्या काळात शिक्षा जाहीर करण्याच्या समारंभांनाही हीच घंटा वाजे, असे सांगतात. ती न्यायसभा येथे १५६० मध्ये बसली आणि १८१२ मध्ये कायमची उठली. तिच्या वाड्यात, येथून जवळच, ज्यांना प्रश्न विचारले गेले त्यांची आठवण होताच माझ्या तीन वाजताच्या प्रश्नांचे मला हसू आले, आणि पाठोपाठ थोडी लाजही वाटली.

बाहेर येऊन मी दर्शनी भाग पाहत होतो. शेजारी एक कुटुंब उभे होते. सहा-सात वर्षांच्या मुलीने विचारले, "बाबा, दुसरा मनोरा कुठे गेला?"

"पडला," बाबा म्हणाले.

"मग परत बांधला का नाही?"

"नाही बांधला. चल, आई पुढे गेली."

डावीकडे मनोरा आहे. उजवीकडे आकाश आहे. तेथला मनोरा १७७६ मध्ये कोसळला. त्याच्या जागी कोणी लाकडाचा देखावा उभारला नाही, की तोल साधावा म्हणून उरलेला मनोराही उतरविला नाही. अडीचशे वर्षे ही वास्तू अशीच, एका खांद्याने उभी आहे.

यात कोणाचा मोठेपणा होता, असे मात्र मी म्हणणार नाही. साथीच्या रोगांनी हे शहर तोवर ओस पडत आले होते. पुढे १८४३ मध्ये राजधानीचा मानही पणजीला गेला. रिकाम्या नगरात मनोरा बांधावा कोणासाठी? माझीही तीन वर्षे काही त्यागाच्या हौसेने पडली नव्हती. दुसरे कोणी नव्हते, एवढेच त्यांचे कारण. पण "पडला" हा शब्द त्या गृहस्थाने ज्या साधेपणाने उच्चारला, तो माझ्या कानांतून जाईना. बसमध्ये पणजीला जाताना मी पिशवी उघडली आणि वरचा कागद घडी करून खिशात घातला.

अध्यक्षांचे बोट नेमके जागेवर येऊन थांबले. "ही तीन वर्षे?"

"वडील अंथरुणावर होते. मी त्यांची शुश्रूषा करीत होतो."

"या काळात ग्रंथांशी संबंध?"

"रोज सकाळी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे. दुपारी त्यांना हवे ते पुस्तक."

क्षणभर कोणी बोलले नाही. मग अध्यक्षांनी कागद मिटले आणि "कळवू" म्हणाले.

त्यांनी कळविले, निवड दुसऱ्या उमेदवाराची झाली होती. खऱ्याला लगेच फळ येते, असे लिहिण्याची सोय त्यामुळे मला उरली नाही. अजून अर्ज करीतच आहे. मित्राला त्याचे प्रशस्तिपत्र परत दिले, तेव्हा तो शिक्क्याकडे पाहत म्हणाला, "फुकट गेले!" पत्नीने मात्र परवा नव्या अर्जाचे कागद लावताना कोणता वर आणि कोणता खाली, हे मला विचारले नाही.