आगोट चालेल का?

यंदा बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी रत्नागिरीत असा पाऊस लागला की अंगणात पाय टाकायची सोय नव्हती. लाईट गेलेली, मोबाइल उतरलेले आणि घरात आम्ही अकरा माणसं. भावाची मुलं कुवेतची, इंग्रजी माध्यमातली. बहिणीची उर्दू शाळेतली, माझी दोघं मराठी शाळेतली. आणि अम्मी. ती कुराण शरीफ रोज पढते, पण देवनागरीत सही करायची म्हटली की तिचा हात अडतो. बोलते ती आमची घरातली कोकणी.

सगळ्यांना जमेल असा खेळ शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी भाषेचा मास्तर.

भावाने स्क्रॅबल आणलं होतं. आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन माणसाने १९३०च्या दशकात वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून हा खेळ बसवला. इंग्रजी खेळात १०० सोंगट्या, त्यात १२ एकट्या 'ई'च्या. अम्मीच्या कामाची एकही नाही. भावाची मुलं खेळली, बाकीचे बघत राहिले.

मग बहिणीचे मियाँ म्हणाले, बैतबाजी करू. शेराचं शेवटचं अक्षर घ्यायचं, त्यावरून पुढचा शेर. माझा आवडता खेळ, पण खरं सांगतो, घरात चालत नाही. निम्मे शेर 'है'वर संपतात, म्हणजे पुन्हा पुन्हा 'ये' येतो, आणि ज्याला 'ये'चे शेर पाठ तोच जिंकतो. भेंड्यांत 'ळ' आला तर निदान 'ल'वर भागवतात.

राहिलं नाव-गाव-फळ-फूल. 'झ' निघालं. माझ्या मुलांनी झुबेर, झाकीर, झमीर, झहीर असं जमेल ते लिहिलं. भाची उसळली, "मामू, हे चार वेगळे हर्फ आहेत! झे, झाल, झ्वाद, झोय. झेवर फक्त झुबेर!" उर्दूच्या वर्गात मी हेच शिकवतो. मराठीच्या वर्गात चौघांनाही पूर्ण मार्क देतो. मला निकाल देता येईना. तेवढ्यात लक्षात आलं, अम्मी उठून चुलीकडे गेली होती. कागद-पेन निघाले की ती नेहमीच उठते. इतकी वर्षं मला वाटायचं, तिला काम असतं.

म्हटलं, कागद बंद. तोंडी खेळायचं, टाळीवर. अक्षर कानाला ऐकू येईल ते. 'फूल' काढून 'मासा' घातला, 'फळ' काढून 'खाणं'. आणि अम्मीला हाक मारली.

'ह' आला. कुवेतवाला पुतण्या म्हणाला, "खाणं, हलवा." अम्मी म्हणाली, "मासा, हलवा." दोन्ही बरोबर! पोरं हसून लोळली. 'ब'ला बांगडा, बोंबील. 'म'ला मांदेली, मुडदुशी. मुडदुशी कुणालाच माहीत नव्हती. अम्मी पुढे गेली.

रंगात येऊन पोरांनी 'काहीही वस्तू' असा आणखी एक रकाना वाढवला. 'आ'ला अम्मी म्हणाली, "आगोट."

"असा शब्दच नाही," माझा मुलगा म्हणाला. मराठीत वर्गात पहिला येणारा. आणि मी, बीएड झालेला मास्तर, सवयीने कपाटातल्या शब्दकोशाकडे वळलो.

"किताबीत नसली तर पावसाची आगोट भरायची नाय काय रे?" अम्मी म्हणाली.

मी परत येऊन बसलो. नियम तिथेच ठरला: घरात कुणी एकाने वापरलेला शब्द चालणार, फक्त अर्थ सांगावा लागेल.

पुतण्याने विचारलं, "दादी, आगोट म्हणजे काय?" मग ती सांगायला लागली. पाऊस लागायच्या आधी होड्या ओढून घ्यायच्या, पुढे मासळी मिळायची नाही, म्हणून सुकी मासळी, कांदे, मिरच्या, तांदूळ, लाकडं कशी भरायची. एका वर्षी पैसे नव्हते तेव्हा तिने कानातले मोडून कशी भरली. कानातल्यांचं मला ठाऊक नव्हतं. भावालाही नव्हतं.

गुण मोजायचे राहून गेले.